दोन मिलिमीटरची वाडी

भारतीय सर्वेक्षण विभागाचे ४७ एफ मालिकेतले नकाशे एकाला एक जोडून टेबलावर पसरले, की माथेरान, प्रबळगड आणि इरशाळगड वीतभर जागेत मावतात. ओढे निळे, झाडी हिरवी, उंचीच्या समोच्च रेषा तपकिरी. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर भरतो. पंचेचाळीस-पन्नास घरांची, शंभरेक मीटर पसरलेली वाडी या हिशेबाने दोन मिलिमीटरची होते. दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरची उंची बसते. घरामागची दहा मीटरची कड, तिच्या माथ्यावरचा सपाट तुकडा, तिथे मुरणारं पाणी हे सगळं त्या दोन रेषांमधल्या कोऱ्या जागेत गडप होतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, अकराच्या सुमारास, इरशाळगडाचा एक उतार सुटला आणि खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी त्याखाली गेली. ठाकर आदिवासींची वस्ती. सत्तावीस मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा सत्तावन्न माणसं बेपत्ता होती. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे जेसीबी चढला नाही. हवा इतकी वाईट की हेलिकॉप्टर उडालं नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आणि आसपासचे गिर्यारोहक पायवाटेने वर गेले आणि कुदळ-फावड्याने उकरत राहिले. दुसऱ्या दिवशी विधानसभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निवेदन केलं. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

यादीत नव्हती, पण अज्ञात मुळीच नव्हती. इरशाळगडाचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरून जाता-येता दिसतं. मुंबई-पुण्याच्या ट्रेकर मंडळींची गडाची वाट याच वाडीतून जायची. त्यांच्या मोबाइलमधल्या जीपीएस वाटांवर ती वर्षानुवर्षं खूण करून ठेवलेली होती. मौजेच्या नकाशावर असलेली वस्ती संकटाच्या यादीत नसावी, या एका विसंगतीत आपल्या आपत्ती-नकाशांची बरीच गोष्ट आली.

गेल्या दोन दशकांत सरकारी सादरीकरणांमध्ये जीआयएस हा शब्द फार वेळा आला. रंगीत थर, लाल-पिवळे पट्टे, भिंतभर पडदे असलेले नियंत्रण कक्ष. साधनं खरोखरच वाढली आहेत, त्यातली पुष्कळ फुकट मिळतात, आणि ती वापरणारी हुशार माणसं नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रापासून हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रापर्यंत बसलेली आहेत. घोडं अडतं ते दुसरीकडे. नकाशा कुठल्या मापाने काढला, कुठल्या एककाने वाचला, आणि तो वाचून कोणी किती वाजता काय करायचं ठरलं आहे, या तीन ठिकाणी.

दरडीचंच घ्या. २०१४ पासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर दरडप्रवणतेचे नकाशे करायला घेतले. त्यांचंही प्रमाण एकास पन्नास हजार. उताराची तीव्रता, खडकाचा प्रकार, मातीची जाडी, जमिनीचा वापर, जुन्या दरडी असे थर एकावर एक ठेवून डोंगराचे तीन वर्ग केले जातात: जास्त, मध्यम, कमी. देशाच्या पातळीवर हे मोठंच काम आहे. घाटरस्ता कुठून न्यावा, बोगदा कुठे टाळावा हे त्यावरून ठरवता येतं. पण हे नकाशे दरड कुठे सुटू शकते ते सांगतात. सुटलेला राडारोडा वाहत कुठवर जाईल ते वेगळं गणित आहे. वाडी बहुधा सुटणाऱ्या उतारावर नसतेच, ती पायथ्याच्या जरा सपाट तुकड्यावर असते, कारण घर बांधायला सपाटीच लागते. नकाशा त्या सपाटीला निर्धास्त रंग देतो. तपशिलाचे, एकास दहा हजार प्रमाणाचे नकाशे निवडक जागांचे होतात. त्यांत आपली दोन मिलिमीटरची वाडी एक सेंटिमीटरची होते आणि घरामागचा ओहोळ प्रथमच डोळ्यांना दिसतो. मात्र कुठल्या जागा निवडायच्या हे ठरतं आधीच्या ढोबळ नकाशावरून.

आणि मग यादी. जिल्हा प्रशासन नकाशावर चालत नाही, यादीवर चालतं. यादीत एका ओळीला एक गाव येतं, आणि गाव म्हणजे महसुली गाव. सह्याद्रीत एका महसुली गावाच्या सात-आठ वाड्या डोंगरभर विखुरलेल्या असतात. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली, ती सगळ्या तळियेची नव्हती. कोंडाळकर वाडीवर डोंगर आला. त्याच्या सोळा वर्षं आधी, जुलै २००५ मध्ये, त्याच तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दोनशेच्या आसपास माणसं दरडींखाली गेली होती. म्हणजे महाडच्या डोंगराचा स्वभाव कुणाला माहीत नव्हता असं म्हणायला जागा नाही. रायगडच्या दरडप्रवण यादीत शंभराहून अधिक गावं आहेत. तलाठ्याच्या हाती ही यादी पडते तेव्हा गावाचं नाव असतं, पण कुठली वाडी, कुठली आळी, कुठलं घर हे नसतं. मग पावसाळ्यापूर्वी सगळ्या गावाला एकच छापील नोटीस जाते, ‘सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे’, आणि सगळं गाव ती वाचून बाजूला ठेवतं. दोष गावाचा नाही. सगळ्यांना सांगितलेलं कुणालाच लागू होत नाही.

मोजण्याच्या एककाचा हा घोळ केवळ तलाठी पातळीवरचा नाही. पश्चिम घाटाचा सर्वांत गाजलेला नकाशा, माधव गाडगीळ समितीचा, २०११ मध्ये आला तेव्हा त्याचा एक चौकोन सुमारे नऊ किलोमीटर बाय नऊ किलोमीटरचा होता. एका चौकोनात एक डोंगररांग, दोन खोरी, एखादं धरण आणि वीस-पंचवीस गावं सहज बसतात. समितीने हे अंतिम नाही, हद्दी ग्रामसभांनी ठरवाव्यात, असं म्हटलं होतं. ग्रामसभांपर्यंत ते चौकोन पोचायच्या आतच त्यांच्या विरोधातल्या घोषणा पोचल्या. नंतरच्या कस्तुरीरंगन गटाने बारीक चित्रं वापरली, आणि एकक पुन्हा महसुली गावच धरलं.

दरड कोसळल्यानंतर लागणारा नकाशा आणखी वेगळा. माळीण गावाची आठवण सगळ्यांना आहे ती एसटीच्या चालकामुळे. ३० जुलै २०१४ ची सकाळ, आंबेगाव तालुका, डिंभे धरणाच्या वरचा भाग. नेहमीच्या फेरीला आलेल्या चालकाला जिथे गाव असायला हवं तिथे चिखलाचा ढिगारा दिसला आणि त्याने बाहेर खबर दिली. एकशे एक्कावन्न मृत्यू. त्या चालकाकडे ना उपग्रह होता ना पडदा. काल इथे काय होतं हे त्याला ठाऊक होतं, आणि बचावाच्या पहिल्या तासात नेमकं तेच लागतं. घरं कुठे होती, देऊळ कुठे, शाळा कुठे, कुठल्या घरात किती माणसं. ढिगाऱ्यावर उभ्या असलेल्या जवानाला समोर सपाट चिखल दिसतो, आणि पहिली कुदळ कुठे मारायची हे कालच्या नकाशावरून ठरतं. उपग्रहाचं आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र एकमेकांवर ठेवून छपरांच्या जागा शोधणं हे आता काही तासांचं काम आहे. पण छपराखाली कोण होतं हे चित्रात येत नाही.

या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे तंत्रज्ञानाचा नव्हे, कॅलेंडरचा घोटाळा आहे. रायगड-ठाण्यातल्या कित्येक आदिवासी वाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होऊ लागतात. कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती मे अखेर पावसाच्या तोंडाला परततात. मग भाताची आवणी, नाचणी-वरीची लावणी. म्हणजे वाडी सर्वांत भरलेली असते ती नेमकी जून ते ऑक्टोबर, दरडींच्या दिवसांत. आणि जनगणना? २०११ ची प्रत्यक्ष मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. भट्टीवर असलेला माणूस भट्टीवर मोजला गेला. त्यामुळे लोकसंख्येचा जो थर आपण दरडीच्या थरावर चढवतो, त्यात या वाड्यांची माणसं कमी भरण्याचीच शक्यता जास्त. संगणकाचं गणित चोख, आकडा मात्र हिवाळ्यातला.

डोंगर सोडून आता नदीकडे येऊ. पुराच्या बाबतीत आपला नकाशा दरडीपेक्षा खूप पुढे आहे, आणि त्याची फजितीही जास्त शिकवणारी आहे.

कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं मिलिमीटर बोलत नाहीत, फूट बोलतात. ‘बंधाऱ्यावर किती?’ एवढं विचारलं की पुरतं. बंधारा म्हणजे पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. त्याच्या जोडीला दुसरं माप म्हणजे राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, आणि तिसरा उघडला की चौथा याची बातमी चहाच्या गाडीवर नळाच्या बातमीइतकी सहज फिरते. कुठल्या फुटाला जामदार क्लबापाशी पाणी येतं, कधी सुतारवाड्यातली कुटुंबं हलवावी लागतात, कधी व्हीनस कॉर्नर बंद होतो, हे शहराला तोंडपाठ आहे. खाली नृसिंहवाडीत तर नदीच्या मोजणीला उत्सवाचं रूप आहे. कृष्णेचं पाणी देवळात उत्तरेच्या दाराने शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, आणि त्या पाण्यात स्नानाला झुंबड. पूर कुठल्या उंचीला आला याची इतकी नेमकी खूण कुठल्याही पाटबंधारे खात्याला सुचली नसती.

मग २०१९ मध्ये एवढी दैना का झाली? पंचगंगा त्या ऑगस्टमध्ये साडेपंचावन्न फुटांवर गेली. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर. पुणे-बेंगळुरू महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची बोट उलटली आणि सोडवणुकीच्या वाटेवरच माणसं बुडाली. कारणं पुष्कळ आहेत. विक्रमी पाऊस, भरलेली धरणं, पूरक्षेत्रातले भराव, कृष्णेच्या पाण्याने पंचगंगेला बसलेला फुगवटा. अलमट्टीवर खापर फोडण्याची हौस आपल्याकडे मोठी आहे, पण नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला तेव्हा त्या धरणाला या पुराचा दोष दिला नाही. मला मात्र एक कारण वेगळं काढून दाखवावंसं वाटतं. लोकांच्या डोक्यातला नकाशा २००५ चा होता. सांगलीत २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, आणि दोन्ही जिल्ह्यांत भिंतींवर त्या पुराच्या खुणा होत्या. ‘२००५ ला आमच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं’ या भरवशावर कितीतरी घरं बसून राहिली. त्यांची आठवण अचूकच होती. पाणी तिच्यावर चार फूट चढलं.

स्मरणातला नकाशा झालेल्या गोष्टीचा असतो. न झालेल्या गोष्टीचा नकाशा काढायला गणित लागतं, आणि तंत्रज्ञानाचं खरं मोल इथे आहे. ५८ फूट, ६० फूट झालं तर पाणी कुठल्या गल्लीत शिरेल हे कुणालाच आठवणार नाही, कारण ते अजून आलेलं नाही. त्यासाठी नदीपात्राचे छेद, धरणांतून सुटणारं पाणी, खालच्या नदीचा फुगवटा आणि जमिनीची उंची एकत्र बसवून पाणी संगणकावर चढवावं लागतं.

यातली शेवटची गोष्ट, जमिनीची उंची, सगळ्यांत नाजूक. जगभरात फुकट मिळणारी उंचीची बरीच माहिती एका अंतराळयान फेरीतून आलेली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला. त्यात तीस मीटरच्या चौकोनाला एक आकडा येतो. रडारला जमीन आणि झाडाचा शेंडा, जमीन आणि इमारतीची गच्ची यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे चूक काही मीटरांची असू शकते. डोंगराच्या नकाशाला ती चालून जाते. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत चालत नाही. बंधाऱ्यावर इंचांत बोलणारी नदी आणि मीटरांत चुकणारी उंची यांची सांगड घातली, तर निघणारा रंगीत नकाशा देखणा आणि निरुपयोगी असतो. विमानातून किंवा ड्रोनवरून लेझरने मोजलेली उंची वितीच्या आत अचूक येते. ती महाग पडते, पण एकदाच मोजावी लागते.

प्रत्यक्ष पूर चालू असताना मदतीला येतं ते रडार उपग्रहाचं चित्र. आषाढ-श्रावणात साध्या उपग्रहाला महाराष्ट्र दिसतच नाही, सगळा ढग. रडारच्या लहरी ढगातून आरपार जातात. युरोपच्या सेंटिनेल-१ ची चित्रं २०१४ पासून कुणालाही मोफत मिळतात, आणि भारताचे रिसॅट मालिकेतले उपग्रह आहेतच. तत्त्व सोपं आहे. रडार तिरक्या कोनातून लहरी सोडतं. खडबडीत जमिनीवरून त्यांतल्या काही परत येतात आणि चित्र करडं दिसतं. शांत पाण्यावरून त्या पुढेच निसटतात, परत काही येत नाही, म्हणून पाणी काळंभोर उमटतं. शिरोळ तालुक्याचं पुरातलं असं चित्र पाहिलं की नदी आणि शेत यांतली हद्दच पुसून गेलेली दिसते.

पण त्या चित्रावर डोळे मिटून विसंबणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, शहर. गल्लीतल्या पाण्यावर पडलेली लहर समोरच्या भिंतीवर आपटून परत उपग्रहाकडे जाते, त्यामुळे बुडालेली गल्ली काळी दिसण्याऐवजी उलट चकाकते. दुसरी, ऊस. कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठी ऑगस्टमध्ये ऊस पुरुषभर उंचीच्या पुढे गेलेला असतो. सेंटिनेलच्या लहरी पाल्यावरूनच माघारी येतात, फडात कमरेएवढं पाणी असलं तरी. म्हणजे या भागात पुराचा उपग्रहातून काढलेला आकडा कमीच भरायचा, आणि कमी भरतो तो नेमका माणसांच्या घरांत आणि शेतकऱ्याच्या मुख्य पिकात. पंचनाम्याला हे चित्र आधार म्हणून उत्तम. निकाल म्हणून वापरलं तर भांडणं होतील.

भांडणं नकाशाला नवीन नाहीत. महाराष्ट्रात पूररेषेचा नियम १९८९ पासूनचा आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा निषिद्ध, निळ्या-लालमधला नियंत्रित. कागदावर स्वच्छ. जमिनीवर मात्र निळी रेषा सातबाऱ्यावरून जाते आणि तिच्या अलीकडच्या गुंठ्याची किंमत एका सकाळी कोसळते.

चिपळूणला हे फार ठळक दिसलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव या नद्यांनी सगळी बाजारपेठ बुडवली. पूररेषा लागू झाल्या तेव्हा त्या जुन्या शहराच्या मधूनच गेल्या. चिपळूण बचाव समितीने त्या डिसेंबरात साखळी उपोषण धरलं. मागण्या दोन, नद्यांतला गाळ काढा आणि पूररेषा रद्द करा. मुंबईत बसून या दुसऱ्या मागणीला नाकं मुरडणं सोपं आहे. आंदोलकांचं म्हणणं पुरतं ऐकलं तर ते अडाणी नाही. वर्षानुवर्षं गाळ साचू दिल्याने पात्र उथळ झालं, त्या उथळ पात्राचा पूर तुम्ही मोजला, आणि त्या मोजणीवरून आमच्या बापजाद्यांच्या घराला निषिद्ध ठरवलं. आधी नदी नीट करा, मग रेषा ओढा. यात तांत्रिक तथ्य आहे, कारण पूररेषा ही पात्राच्या आकारावर अवलंबून असते. तरीही मला रेषा पुसण्यापेक्षा ती दर काही वर्षांनी नव्याने मोजणं जास्त पटतं. रेषा पुसली तर पाणी थांबत नाही, फक्त पुढचं बांधकाम कायदेशीर होतं.

मोजण्याच्या एककाचा धडा पावसालाही लागू आहे. मुंबईला २६ जुलै २००५ ने त्याची मोठी फी घेतली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला अवघे ७३. एकाच शहरात इतकी तफावत, म्हणजे ‘मुंबईत पाऊस’ या शब्दांना अर्थच उरला नाही. पुढे शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आणि २०२० मध्ये आयफ्लोज ही पूर्वसूचना यंत्रणा आली. त्यात पाऊस, भरती-ओहोटी, नाल्यांची क्षमता आणि जमिनीचा उतार एकत्र धरला जातो. शहराला ते परवडतं.

डोंगरात पाऊस मोजतं कोण? राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, दोन हजारांच्या वर. ६५ मिलिमीटर ओलांडले की त्या मंडळात अतिवृष्टी, आणि पंचनाम्यांचा मार्ग मोकळा. ही व्यवस्था पिकाच्या नुकसानीसाठी रास्त आहे. पण मंडळाचं ठिकाण बहुधा खाली, रस्त्याकडेला. वाडी सहाशे-सातशे मीटर उंचीवर, ढगाच्या तोंडाशी. खालच्या यंत्रात १२० दिसतात तेव्हा वर किती पडला हे वरच्या माणसालाच ठाऊक, आणि त्याच्याकडे मोजायला भांडं नाही.

हे भांडं किती काम करू शकतं ते केरळात वायनाडला दिसलं. कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटर या संस्थेने जिल्हाभर दोनशेच्या वर पर्जन्यमापक शेतकरी आणि मळेवाल्यांच्या हाती दिले आहेत. रोज सकाळी आकडे येतात आणि नकाशावर चढतात. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई-चूरलमलावर डोंगर कोसळला, अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्याच्या सुमारे सोळा तास आधी संस्थेने जिल्हा प्रशासनाला धोका कळवला होता. म्हणजे नकाशा होता, पाऊस मोजलेला होता, इशाराही गेला होता. तो इशारा आणि माणसं हलवणं यांच्यामध्ये जी जागा आहे ती कुठल्याच उपग्रहाने भरली जात नाही. इतक्या मिलिमीटरला ही वाडी हलणार, हलवणार अमुक, जाणार तमुक शाळेत, हे आधीच ठरलेलं नसेल तर सोळा तास फोनाफोनीतच संपतात.

३० जुलै ही माळीणचीही तारीख. योगायोगाला अर्थ चिकटवू नये, पण निसार हा भारत-अमेरिकेचा रडार उपग्रहही ३० जुलैलाच, २०२५ मध्ये, श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याच्या लांब लहरी झाडीतून बऱ्याच खोल जातात, आणि दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जाताना जमीन किती सरकली हे तो सेंटिमीटरच्याही आत सांगू शकतो. महिनोन्‌महिने हळूहळू घसरणारे उतार यातून सापडतील, त्याची माहिती दरडप्रवण यादीत ओतली पाहिजे. मात्र सह्याद्रीतल्या बऱ्याच दरडी दोन-तीन दिवसांच्या धुवाधार पावसाने मुरूम-माती फुगून एकदम सुटतात. बारा दिवसांच्या फेरीत त्या हाती लागतीलच असं नाही. तिथे परत तेच, वाडीतलं भांडं.

ओडिशाचं उदाहरण नेहमी दिलं जातं आणि ते द्यायलाही हवं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. २०१३ च्या फायलिनमध्ये जवळजवळ दहा लाख माणसं आधी हलवली गेली आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. वादळ दोन-चार दिवस आधी दिसतं आणि दरड दिसत नाही, हा फरक मान्य. पण गंजाम जिल्ह्यातलं व्यंकटरायपूर आणि जगतसिंहपूरमधलं नोलियासाही ही दोन छोटी गावं २०२० मध्ये युनेस्कोच्या समुद्रशास्त्रीय आयोगाने सुनामी-सज्ज ठरवली, त्यासाठी काय लागलं ते पाहण्यासारखं आहे. गावापुरता नकाशा, त्यावर बाहेर पडायची वाट, वाटेवर पाट्या, आणि वर्षातून सराव. म्हणजे जिल्ह्याच्या नकाशात न दिसणारी वस्ती स्वतःच्या नकाशात पुरती दिसते, आणि तो नकाशा कलेक्टर कचेरीच्या भिंतीवर नसून गावाच्या भिंतीवर असतो.

आपल्याकडे घराघराचा नकाशा काढणं अशक्य आहे म्हणावं, तर तो काढून झाला आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत प्रयोग झाला, आणि मग स्वामित्व योजनेत २०२० पासून देशभर गावठाणांवर ड्रोन उडाले. प्रत्येक घराची हद्द बोटांच्या पेरांइतकी अचूक आणि हातात मिळकत पत्रिका. उद्देश मालमत्तेचा, बँकेच्या कर्जाचा, घरपट्टीचा. त्याच उड्डाणातून जमिनीची उंचीही निघते, ती आपत्तीच्या कामाला बिनदिक्कत वापरता येईल. अडचण एकच आहे. ड्रोन उडतो गावठाणावर. डोंगरातल्या वनजमिनीवरच्या, गावठाणाबाहेरच्या वाड्या त्या आखणीत बसत नाहीत. ज्यांना नकाशाची सर्वांत जास्त गरज, त्या पुन्हा कागदाबाहेर.

तेव्हा कामाची जागा स्पष्ट आहे. दरडप्रवण यादी गावाऐवजी वाडीची करायची, डोंगरातल्या वाड्यांवर गावठाणासारखाच ड्रोन उडवायचा, आणि माणसांची मोजणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करायची. तलाठ्याच्या डोक्यावर तेव्हा आधीच पुष्कळ कागद असतात. पण आशाताईच्या वहीत घरनिहाय नावं, गरोदर बाया, लहान मुलं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं दर वर्षी नोंदवलेली असतात, भट्टीवरून कोण परतलं तेही तिला घरी जाऊनच कळतं. तिची वही आरोग्य खात्याकडे जाते, दरडीचा नकाशा महसूल खात्याकडे असतो, आणि पर्जन्यमापकाचे आकडे कृषी खात्याकडे. तिन्ही कागद तहसील कार्यालयात एका टेबलावर आणणं हे एका परिपत्रकाचं काम आहे, आणि ते मे महिन्याच्या आत निघायला हवं, कारण त्यानंतर पाऊस सुरू होतो आणि सगळी कचेरी पंचनाम्यांना लागते.